'द ब्लॉब'मधला लाल गोळा इतक्या कमी खर्चात पडद्यावर कसा आणला?

१९५८ सालच्या 'द ब्लॉब' या अमेरिकी चित्रपटामधला माणसे गिळत फुगत जाणारा गोळा म्हणजे लाल रंग मिसळलेले सिलिकोन होते. तो उपाहारगृहावर चढतो त्या दृश्यासाठी इमारतीचे छायाचित्र हलणाऱ्या टेबलावर बसवले होते आणि कॅमेराही त्याच टेबलाला जोडलेला होता. टेबल हलवताच सिलिकोन घसरून खाली आले आणि ती फीत उलटी चालवल्यामुळे गोळा इमारत गिळत असल्याचे दिसते. ड्राइव्ह-इनच्या (मोटारीत बसून चित्रपट पाहायच्या खुल्या चित्रपटगृहांच्या) काळातील स्वस्त विज्ञान-भयपटांत इतकी बुद्धिमान युक्ती मला क्वचितच दिसली आहे. चित्रीकरण पेनसिल्व्हेनियात झाले. गोळा ज्या कलोनियल थिएटरमध्ये शिरतो, ते फिनिक्सव्हिल गावात आजही सुरू असून, घाबरलेले प्रेक्षक बाहेर धावत सुटतात तो प्रसंग तिथे वार्षिक उत्सवात लोक हौसेने पुन्हा सादर करतात.