आधी दोन तास, मग एक रात्र

सासऱ्यांना डिमेन्शिया आहे, तीन वर्षं तुम्ही एकट्याच बघताय. तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून त्यांना आठ दिवस एखाद्या देखभाल केंद्रात ठेवलं तर ते खचतील का आणि आपण वाईट ठरू का, असं तुम्ही विचारलंय. वाईट मुळीच ठरत नाही. सांभाळणाऱ्यांवरचा ताण मोजायला संशोधक झारिट यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ‘आपण आणखी करायला हवं असं वाटतं का’ हा प्रश्न त्यातच आहे, इतकी ही टोचणी नेहमीची आहे.

खचण्याचं मात्र खरं आहे, एकदम आठ दिवस ठेवलंत तर. मी आईच्या बाबतीत तेच केलं. कंबर धरली म्हणून नाइलाजाने थेट दहा दिवस. नवी खोली, नवी माणसं, रात्री बाथरूम सापडेना. घरी आल्यावरही आठवडाभर ती रात्र रात्र जागी.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. आधी मदतनीस बाई घरीच, मी शेजारच्या खोलीत. मग मी दोन तास बाहेर. मग डे केअर, आणि बऱ्याच महिन्यांनी एक रात्र.

सोबत एक कागद द्या. औषधं सगळेच लिहितात, तुम्ही सवयी लिहा. माझ्या कागदावर होतं: डाव्या कानाने ऐकू येत नाही. ‘अंघोळ’ म्हटलं की चिडते, ‘हात धुऊ या’ म्हटलं की येते. संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभी राहते, तेव्हा ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालू नका, टॉवेल द्या घड्या घालायला. मदतनीस बाई इतक्या हुशार, की घडी झालेले सहा टॉवेल आत नेऊन विस्कटायच्या आणि पुन्हा आणून द्यायच्या. आई खूश!

जागा बघताना रात्री किती माणसं असतात ते विचारा. शांत राहावेत म्हणून औषध देतात का, कोणाला विचारून देतात, हेही. त्यासाठी कधी कधी अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात गंभीर मानसिक आजारांवरची, औषधं देतात. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यातल्या नव्या पिढीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2005 मध्येच दिलाय. परत आल्यावर अचानक फार गोंधळले, तर ‘जागा बदलली म्हणून’ असं धरून बसू नका. डॉक्टरांना दाखवा, लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी होणं, असं काहीही निघू शकतं.

आणि हो, पहिल्या मोकळ्या दोन तासांत मी कपाट आवरलं होतं. तुम्ही झोपा.