चष्मा काढल्यावर छोटा चेतन

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी एकाच पिक्चरबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.)

प्रश्न: ताई नमस्कार, मी सांगलीचा, पन्नाशीला टेकलोय. लहानपणी आत्याबरोबर थेटरात छोटा चेतन बघितला होता, काळपट चष्मा लावून. आख्खं थेटर किंचाळत होतं, मी तर खुर्चीवर उभा राहून हवेत हात मारत होतो. परवा लेकीला (वय नऊ) मोठ्या कौतुकाने टीव्हीवर लावून दिला, तर थोड्याच वेळात म्हणते, बाबा, हे लोक सारखं कॅमेऱ्याला काहीतरी दाखवतायत का? झालं, मग मलाही तेच दिसायला लागलं. इफेक्ट गरीब वाटले, डबिंग कसंतरीच, उरलेला पिक्चर मी एकट्यानेच संपवला. आता खरं सांगा, पिक्चर पहिल्यापासून असाच होता आणि आम्हीच येडे होतो का?

उत्तर: येडे नव्हता हो. पण लेकीने एका वाक्यात जे निदान केलंय ना ते एकदम बरोबर आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. ते लोक खरंच सारखं कॅमेऱ्याला काहीतरी दाखवतायत, कारण पिक्चर दोन डोळ्यांसाठी काढलाय आणि तुम्ही टीव्हीवर बघितलात तो त्यातल्या एकाच डोळ्याचा.

म्हणजे कसं, की त्या वेळच्या या पद्धतीत साध्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एकाच चौकटीत दोन चित्रं असायची, एक वर एक खाली, एक डाव्या डोळ्याचं एक उजव्या. प्रोजेक्टरला खास लेन्स लावून दोन्ही पडद्यावर एकावर एक पाडायची, आणि दोघांचा प्रकाश पोलराइज केलेला (म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत थरथरतील असा गाळलेला, दोन चित्रांची दिशा वेगवेगळी), तुमच्या चष्म्याच्या दोन काचाही तशाच, त्यामुळे ज्या डोळ्याचं चित्र त्याच डोळ्यात जाणार. (अर्ध्या पत्रांत "लाल-निळा चष्मा" लिहिलंय. तो लाल-निळा मासिकाबरोबर फुकट मिळायचा तो, थेटरातला हा नव्हे.) साधा पांढरा पडदा असला तर पोलराइज झालेला प्रकाश त्याच्यावर आपटून विस्कटतो, म्हणून चंदेरी पडदा लागायचा, तेव्हा थेटरवाल्यांनाही खर्चात पाडणारा पिक्चर होता तो. आता टीव्हीसाठी किंवा इंटरनेटवर चढवायला प्रत काढताना दोनातलं एक चित्र घेतलं की काम भागतं. खोली गेली, राहिलं काय तर कॅमेऱ्यापुढे हात लांब करून थांबलेला माणूस.

आणि "थांबलेला" हे महत्त्वाचंय. थ्रीडीमधे वस्तू पटकन पुढे आणून पटकन मागे नेली तर डोळ्यांना दोन चित्रं जुळवायला वेळच मिळत नाही, म्हणून हळू आणायची, थोडं थांबायचं, मग न्यायची. वस्तू चौकटीच्या मधोमध ठेवायची, कारण कडेला कापली गेली की भ्रम तुटला. शॉट लांब ठेवायचे. चष्म्यातून हे सगळं बरोबर लागतं, चष्म्याशिवाय वाटतं की नटांना कोणी हलायलाच सांगितलं नाही. तुम्ही ज्याला गरीब इफेक्ट म्हणताय त्यातला बराच भाग हाच आहे.

बाकी पैसे कमी होते हे मात्र खरं. १९८४ सालचा पिक्चर, २४ ऑगस्टला मलयाळममधे आला, नाव माय डिअर कुट्टिचातन, भारतातला पहिला थ्रीडी. छोटा चेतन ही त्याचीच हिंदीत डब केलेली आवृत्ती. कोचीजवळ काक्कनाडला नवोदय स्टुडिओ आहे, त्याचे तेव्हाचे मालक अप्पच्चन निर्माते आणि त्यांचा मुलगा जिजो पुन्नूस दिग्दर्शक, म्हणजे घरचंच कार्य. याच बापलेकांनी दोन वर्षं आधी पडयोट्टम हा ७० मिलिमीटरचा पिक्चर काढला होता, तेव्हा नवीन तंत्राची खाज जुनीच. कॉम्प्युटर नाही, मुंबईचे स्टार नाहीत, गोष्ट पोरांची आणि त्यांच्या भूत दोस्ताची, चेतनची. जे दिसतंय ते कोणीतरी हाताने बनवलेलंय, दोरीने ओढलंय, नाहीतर पेटवलंय.

यातलं एक टीव्हीवरही जसंच्या तसं टिकलंय, आणि तुमची लेक बहुतेक त्याच्या आधीच उठून गेली. ते गाणं, पोरं चालत चालत भिंतीवर जातात, भिंतीवरून छतावर, छतावरून दुसऱ्या भिंतीने खाली. कलादिग्दर्शक के. शेखर यांनी आख्खी खोलीच फिरती बनवली होती, लोखंडी सांगाड्यात. कॅमेरा खोलीलाच घट्ट बसवलेला, त्यामुळे खोली फिरली की कॅमेराही तिच्याबरोबर फिरतो आणि पडद्यावर खोली जागच्या जागी दिसते, पोरं मात्र चढतायत असं वाटतं. ती बिचारी कायम सगळ्यात खालच्या बाजूलाच चालतायत! लेकीला परत बोलवा आणि फक्त एवढंच गाणं दाखवा, आणि आधी उत्तर सांगू नका. मग म्हणा पोरांचे केस आणि कपडे कुठल्या बाजूला लोंबतायत ते बघ. ज्या भिंतीवर उभी आहेत त्याच भिंतीकडे. दोरीने टांगली असती तर केस खाली जमिनीकडे आले असते, आणि नऊ वर्षांच्या पोरीला एवढा धागा पुरतो, पुढचं ती स्वतः शोधेल. युक्ती शेखरांची पहिली नव्हे, हॉलिवूडमधे फ्रेड अस्टेअर १९५१ मधे असाच छतावर नाचला होता, पण एका माणसाने नाचणं वेगळं आणि लहान पोरांची पावलं खोलीच्या वेगाशी जुळवणं वेगळं. मला विचाराल तर आख्ख्या पिक्चरमधलं थ्रीडीशिवायही सगळ्यात भारी तेच आहे.

डबिंगचं मी काही सावरून घेणार नाही. ओठ एकीकडे, शब्द एकीकडे. चेतनला बांधून ठेवणारा मांत्रिक पण जरा जास्तच ओरडतो.

प्रश्न: आमच्या घरात भांडण लागलंय. मी म्हणते छोटा चेतनमधे उर्मिला मातोंडकर होती, मी डोळ्यांनी बघितलीय. मोठा दादा म्हणतो शक्यच नाही, तेव्हा ती मासूममधल्या पोरीएवढी होती. पैज लागलीय, निकाल द्या. (नाशिक)

उत्तर: दोघंही जिंकलात, पैजेच्या पैशांत भेळ खा.

दादांनी बघितला तो १९८४ चा, त्यात उर्मिला नाही. मासूम १९८३ चा, तेव्हा ती खरंच शाळकरी पोर. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवोदयवाल्यांनी पिक्चर परत बाहेर काढला, आवाज नवीन केला, आणि १९९८ च्या हिंदी आवृत्तीत उर्मिलाचे नवे सीन घातले. तोपर्यंत रंगीला येऊन गेला होता, पोस्टरवर कोणाचा चेहरा टाकायचा हे काही अवघड गणित नव्हतं. तमिळमधे पुढे २०१० मधे हेच परत केलं, तेव्हा प्रकाश राज आणि संतानम या नटांचे नवे सीन. म्हणजे एकच पिक्चर, पण कोणत्या वर्षी तिकीट काढलं त्याप्रमाणे प्रत्येकाचा वेगळा.

आता बघताना हे सांधे कळतात. फिल्मचा पोत बदलतो, रंग बदलतो, आणि मुख्य म्हणजे नव्या सीनमधल्या मोठ्या लोकांचा त्या पोरांशी काही संबंध येत नाही, कारण ती पोरं तोवर चांगली मोठी झाली होती. मला विचाराल तर मिळाला तर जुनाच बघा. उर्मिलावर राग नाही, पण चांगल्या पुरणपोळीवर जॅम लावल्यासारखं झालंय ते.

प्रश्न: मी शाळेत शिक्षिका आहे. सुट्टीतल्या शिबिरात जुना बालचित्रपट म्हणून छोटा चेतन दाखवायचा विचार होता. आधी एकटीने बघितला आणि हबकलेच, त्यात तो लहान मुलगा बारमधे दारू पितो! आमच्या आईवडिलांनी आम्हाला हे दाखवलं कसं? आणि मला त्यातलं दारूचं अजिबात कसं आठवत नव्हतं?

उत्तर: बाई, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला.

आधी पहिला. चेतन हा माणसाचा पोरगा नाही, हे केरळच्या माणसाला सांगावं लागत नाही. कुट्टिचातन म्हणजे तिकडच्या मंत्रतंत्रातलं लहान मुलाच्या रूपातलं भूत, उत्तर केरळात त्याचं तेय्यमही (दैवताचं सोंग घेऊन नाचायचा विधी) बांधतात, आपल्या कोकणातल्या चेड्याच्या जवळपासचं काहीतरी. अशा दैवताला दारू चालते, कोकणातही काही राखणदारांना चालतेच की. मांत्रिकाने त्याला खजिन्यासाठी बांधून ठेवलेलं, पोरं त्याला सोडवतात, तो त्यांचा दोस्त होतो. तेव्हा तो बार कोरडा करतो ते तिकडे भुताची ताकद म्हणून हसण्यावारी गेलं. हिंदीत येताना नाव चेतन झालं, दिसायला गोड पोरगा, मग आपल्याला ते चुकीचं वाटणारच.

आणि तुम्हाला आठवत का नव्हतं, तर लहानपणी आपण चेतनच्या बाजूने बघतो. तो काय जादू करतो, पुढे काय अंगावर येणार. मोठेपणी नजर त्या मुलीवर जाते, लक्ष्मीवर. तिचा बाप (दिलीप ताहिल, हो, तोच आपला हिंदीतला नेहमीचा व्हिलन) दारूत बुडालेला, आणि पोरांचा भुताशी सगळ्यात मोठा सौदा कोणता, तर सोनंनाणं नाही, लक्ष्मीच्या बाबांची दारू सोडव. आख्ख्या साहसी गोष्टीचं कारण हे आहे. मी परत बघितला तेव्हा थ्रीडीतलं एकही दृश्य लक्षात राहिलं नाही, ती पोर बापाकडे बघते ते राहिलं. तिच्यासमोर हात पुढे केलेला कोणी नाही, कॅमेऱ्याला काही दाखवायचं नाही, आणि तिथे पिक्चर एकदम खरा होतो. लक्ष्मी झालेल्या सोनियाने काम फार समजून केलंय. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा बालकलाकाराचा पुरस्कार या पिक्चरच्या पोरांना मिळाला तो उगीच नाही.

शिबिरात दाखवायचा का? दहाच्या पुढची मुलं असतील तर दाखवा, पण सोडून निघून जाऊ नका, नंतर अर्धा तास बोलायला ठेवा. ज्याच्या घरी हे चालतं असं एखादं पोर वर्गात असणारच, ते बोलेल किंवा नाही बोलणार, त्याला सगळ्यांसमोर विचारू मात्र नका. बारचा सीन कापून दाखवायचा विचार असेल तर कृपा करून नको, मग लक्ष्मीचं सगळंच लंगडं पडतं. त्यापेक्षा दुसरा पिक्चर लावा.

प्रश्न: आमची आजी शेवटपर्यंत सांगायची, त्या चष्म्याने माझे डोळे आले. खरं असेल का?

उत्तर: आजीला एकदम खोटं पाडता येत नाही. पिक्चर आल्यावर ही आवई जोरात उठली होती की चष्म्यातून डोळ्यांची साथ पसरते. धंदा बसायची वेळ आली, तेव्हा निर्मात्यांनी पिक्चरच्या आधी छोटी फिल्म जोडली, चष्मा प्रत्येक शोनंतर कसा स्वच्छ करतात ते दाखवायला, आणि सांगायला कोण, तर मलयाळममधे प्रेम नझीर, तमिळला रजनीकांत, तेलुगूला चिरंजीवी, हिंदीला अमिताभ आणि जीतेंद्र. डोळे येतात ते नुसतं बघून नाही, हाताने, टॉवेलने, एकाची वस्तू दुसऱ्याने वापरून. चष्मा नीट धुतला नसेल तर पसरू शकतं. तुमच्या गावच्या थेटरात डोअरकीपर ते चष्मे धूत होता की शर्टाच्या टोकाने पुसत होता, हे आजीनेच बघितलेलं. तसं तर शेजारच्या बाकावरच्या पोराकडूनही आले असतील!

प्रश्न: माळ्यावर ट्रंकेत तो जुना चष्मा सापडला (परत करायचा राहिला होता, कोणाला सांगू नका). टीव्हीवर छोटा चेतन लावला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, वर सांगितलं तसं टीव्हीवरच्या प्रतीत एकच चित्र आहे, चष्मा लावून फक्त अंधार वाढेल. आणि आजच्या मल्टिप्लेक्सला तो नेऊ नका, तिथे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेचं, गोल फिरणारं पोलरायझेशन असतं, तुमचा सरळ रेषेतला. जिजोच्या गोष्टीवरून मोहनलालने २०२४ मधे बरोझ काढला, तोही थ्रीडी, वास्को द गामाच्या खजिन्याचा, पण तिथेही थेटरवाल्यांचाच चष्मा लावावा लागला असता.

फेकू नका मात्र. साधा कॅल्क्युलेटर घ्या, चष्म्याची एक काच त्याच्या आकड्यांसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका जागी आकडे एकदम काळ्यात गडप होतील, अजून फिरवलं की परत येतील. आता तीच जागा पकडून दुसरी काच धरा, तिथे उलटं दिसेल, म्हणजे दोन डोळ्यांची दोन चित्रं वेगळी कशी राहायची ते कळलं. काचेवर बुरशी असेल तर ओल्या मऊ कापडाने पुसा, स्पिरीट लावू नका, आतली फिल्म खराब होते.