जास्वंद नुसतीच उंच वाढली आहे, फुलं मोजकीच येतात. छाटणी कधी आणि कशी करू?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला अंगणात साधी लाल जास्वंद आहे, पार गच्चीच्या कठड्याला लागली आहे, आणि फुलं येतात ती दोन-चार, तीही हात न पोचणाऱ्या शेंड्यांवर. झाडाला रोग वगैरे काही वाटत नाही. त्याला कात्री लागलेली नाही, एवढंच.

जास्वंदीची कळी नव्या, हिरव्या फुटीवरच धरते. जुनं तपकिरी लाकूड फुलं देत नाही. एक फूल बहुधा एकच दिवस टिकतं, त्यामुळे रोज परडीभर हवी असतील तर झाडावर नवे शेंडेच भरपूर हवेत. फांदीचं टोक शाबूत असेपर्यंत ते खालच्या डोळ्यांना (जिथून नवी फूट निघते त्या उंचवट्यांना) दाबून ठेवतं. टोक उडवलं की खालचे दोन-तीन डोळे फुटतात. आपल्याकडे कपाशीचा शेंडा खुडतात तो याच हिशेबाने, आणि जास्वंद कपाशीच्याच कुळातली.

आता वेळ. थंडी सरली की छाटा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण खानदेशात थंडी सरल्यावर उन्हाळा यायला वेळ लागत नाही. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये झाड बोडकं केलंत तर पुढे ४४-४५ अंशांत उघड्या फांद्यांची साल भाजते आणि कोवळी फूट करपते. म्हणून मी दोन टप्प्यांत छाटतो. निम्म्या फांद्या महाशिवरात्रीच्या आसपास, म्हणजे वैशाखापर्यंत त्यांना पानं येऊन सावली होते. उरलेल्या निम्म्या मृगाचा पाऊस नीट लागल्यावर, उघडीप बघून. छाटणीपासून फुलं यायला साधारण दोन-अडीच महिने धरा. जूनमध्ये कापलेल्या फांद्या गणपतीच्या सुमारास फुलतात. श्रावणात कानबाईला (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाला) लागणारी फुलं आधी छाटलेल्या अर्ध्या भागातून मिळतात, झाड कधीच रिकामं राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत हात लावू नका. थंडीत फूट हलतच नाही.

सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) धारदार हवं, स्पिरिटने पुसलेलं. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा. झाडाच्या पोटात ऊन शिरलं पाहिजे. मग त्या टप्प्यातल्या प्रत्येक लांब फांदीचा वरचा तिसरा हिस्सा कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरपा असावा. डोळा बाहेर बघत असेल तर फूटही बाहेर जाते. झाडाला आकार येतो तो इथेच, नंतर वरून केस कापल्यासारखी कात्री फिरवून नाही. (कुंपणाला तसं करतात, म्हणून तिथे पानंच पानं दिसतात.) अगदी म्हाताऱ्या, जाड फांद्यांपैकी दरवर्षी एखादीच बुडातून काढा आणि त्या कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, पावसात कुजत नाही. आठ फुटांचं झाड एकदम तीन फुटांवर आणायची घाई नको, दोन वर्षं घ्या.

नवी फूट चार-पाच पानांची झाली की तिचा शेंडा एकदा नखाने खुडा. एकदाच. खुडत राहिलात तर फुलं पुढे पुढे ढकलली जातील.

रंगीत, मोठ्या फुलांच्या संकरित जातींना हे सगळं निम्म्याने करा, त्या नाजूक असतात. कलमी असतील तर जोडाच्या खालून आलेली फूट लगेच काढायची.

छाटल्यावर पानं कमी, म्हणून पाणीही कमी. खत लगेच नको. डोळे फुगलेले दिसले की कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. केळीच्या साली भिजवलेलं पाणी सध्या फार गाजतंय. नुकसान नाही, पण चमत्कारही नाही. राख मात्र टाकू नका. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात राखेने भर पडते आणि पान पिवळं, शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. तसं झालंच असेल तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारा. ऊन निदान सहा तास हवं, नाहीतर छाटणी वाया.

छाटलेल्या काड्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तो कपाशीवर आणि भेंडीवरही जातो, म्हणून त्या काड्या उकिरड्यावर टाकू नका, जाळा. झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारून त्याला पाडा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणपाणी घालून, संध्याकाळी फवारा. खोडावरून मुंग्यांची रांग चाललेली असेल तर तीही मोडा, कारण या किडीला राखतात त्याच.

जूनच्या काड्यांतल्या निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड वीतभर काड्या खालची पानं काढून सावलीतल्या कुंडीत खोचा. त्यातल्या बऱ्याच पावसाळ्यात मूळ धरतात.