तांबेऱ्याला अंधार हवा की ऊन?

प्रश्न : यवतला मामांच्या गव्हावर तांबेरा हा बुरशीचा रोग आलाय. त्याची चिमूटभर पूड पाण्याच्या थेंबात घालून दुपारभर कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली ठेवली. एकही बीजाणू (बुरशीचा बीसारखा कण) रुजला नाही. मामा म्हणतात, तांबेरा उन्हानं मरतो. खरं आहे का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं पिकाला महागात पडू शकतं.

तांबेरा एकाच प्रकारचा नसतो. त्यातल्या खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू रुजायला पाण्याचा थर, साधारण १५ ते २४ अंश तापमान आणि अंधार लागतो. तुझ्या दिव्याचा उजेड तर आड आलाच, शिवाय काच तापली असणार. ३० अंशांच्या पुढे रुजणं थांबतंच. चिमूटभर पूडही फार झाली. दाटी झाली की बीजाणूंतूनच एक द्रव्य पाझरतं आणि ते एकमेकांना रुजू देत नाहीत. पुढच्या वेळी ब्रशच्या टोकानं जराशी भुरभुरव. पेट्री डिशमध्ये ओला टिपकागद घाल, डिश काळ्या कागदात गुंडाळ आणि १८-२० अंशांत रात्रभर ठेव. सकाळी विटकरी, लांबट बीजाणूच्या कडेतून काचेसारखी नितळ नळी बाहेर आलेली दिसेल. इतकी वर्षं शिकवूनही ती बघायला मी आजही तितक्याच ओढीनं वाकते.

पानावर मात्र पुढचा खेळ उलटा असतो. नळी पर्णरंध्रापाशी, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रापाशी पोचते, तिचं टोक फुगतं, आणि आत शिरायला तिला आता भरपूर उजेड हवा असतो! पाराही हळूहळू २९-३० अंशांकडे चढलेला लागतो. तोवर दव टिकलं पाहिजे. ते आधीच सुकलं तर नळी वाळून जाते. मामा म्हणतात ते एवढ्यापुरतं बरोबर. पण रात्रभर भरपूर दव, सकाळी ते सावकाश उडतंय आणि वर लख्ख ऊन, असा फेब्रुवारीतला दिवस काळ्या तांबेऱ्याच्या पथ्यावरच पडतो.

पानावरचा नारिंगी तांबेरा अंधारातही आत शिरतो. म्हणून आधी ओळख पटवा : पानावर विखुरलेले गोल नारिंगी ठिपके आहेत, की खोडावर लांबट, कडेला साल फाटलेले विटकरी फोड? खोडावर असतील तर ऊन पडलंय म्हणून मामांनी निर्धास्त राहू नये, सहायक कृषी अधिकाऱ्यांना लगेच शेत दाखवावं. नमुना महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्राकडे पाठवायचा झाला तर कागदी पाकिटातच घाल. प्लास्टिकमध्ये पानं घामेजून कुजतात.