दर आठवड्याच्या तोरा वाचनातून ज्यू माणूस रोजच्या जगण्यासाठी नेमकं काय शिकतो?

तुम्ही विचारलंय की ज्यू लोक दर शनिवारी तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, एक ठरलेला भाग वाचतात, पण त्यात बैल, गहाणवट, शेतातल्या पेंढ्या, गच्चीचा कठडा असले हजारो वर्षांपूर्वीचे नियम भरलेले असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या माणसाने त्यातून काय घ्यायचं?

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला आहे, ठाण्यात वाढलो. एका उत्तरात सगळी तोरा मावणार नाही, म्हणून एकच भाग घेतो आणि त्यावरून सांगतो.

आधी वाचनाबद्दल थोडं. तोराचे 54 भाग केलेले आहेत, एकेका भागाला पराशा म्हणतात. शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून तो वाचला जातो आणि सात जणांना पाळीपाळीने वर बोलावतात. वर्षभरात तोरा पूर्ण होते. सिमहात तोरा या सणाच्या दिवशी शेवटचं वाक्य संपवून लगेच ‘उत्पत्ती’ची पहिली ओळ सुरू करतात. आमच्या समाजाला या वाचनाचं मोल जरा जास्तच आहे. कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शमाची (देव एकच आहे या कबुलीची) प्रार्थना, सुंता, शब्बाथ, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, एवढं त्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं, पण वाचायला तोराची गुंडाळी त्यांच्याजवळ नव्हती. मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते 1796 साली. दर शनिवारी पराशा कानावर पडणं हे आम्हाला उशिरा मिळालेलं भाग्य आहे.

मी निवडलेला भाग आहे ‘की तेत्से’. एलूल महिन्यात, म्हणजे नव्याच्या सणाआधी (रोश हशाना या ज्यू नववर्षाआधी) तो येतो. त्या महिन्यात माणूस वर्षभराच्या वागण्याचा हिशोब मांडत असतो, आणि नेमका तेव्हाच हा व्यवहाराने गच्च भरलेला भाग समोर येतो. परंपरेने मोजलेल्या 613 आज्ञांपैकी 74 एकट्या या भागात आहेत. वरवर पाहिलं तर त्यांची नुसती सरमिसळ वाटते. मला त्यात एक धागा दिसतो. यातल्या कितीतरी आज्ञा ज्याची बाजू बरोबर आहे त्याला उद्देशून आहेत. सावकार, मालक, शेताचा धनी, घरमालक अशा माणसाला त्या सांगतात की हक्क तुझा आहे हे खरं, पण इथे थांब.

गहाणाचा नियम घ्या. तू कोणाला कर्ज दिलंस, तर तारण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. तो गरीब असेल आणि त्याचं पांघरूणच तुझ्याकडे तारण असेल, तर सूर्य मावळताना ते त्याला परत दे. पैसे सावकाराचे, ते मागायचा त्याला पुरता अधिकार, तरीही उंबरठा ओलांडायचा नाही. घरातलं काय द्यायचं हे कर्जदाराने ठरवायचं, बायकामुलांसमोर त्याची झडती होता कामा नये. मिश्नाने (जुन्या ज्यू नियमसंग्रहाने) तर हे आणखी बारकाईने मांडलंय: उशी रात्री परत कर, नांगर दिवसा परत कर. ज्या वेळी ज्याची गरज, त्या वेळी ते त्याच्या हातात असलंच पाहिजे. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करणारे, सोसायटीच्या गेटवर उभं राहून आवाज चढवणारे लोक आजही आहेत. त्यामुळे हा नियम मला जुना वाटत नाही.

तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात) यावर एक गोष्ट आहे, ती माझ्या फार जवळची आहे. बॅबिलोनियात रब्बा नावाच्या एका विद्वानाचं द्राक्षारसाचं पिंप हमालांच्या हातून फुटलं. भरपाई म्हणून त्याने हमालांचे अंगरखे ठेवून घेतले. हमाल रव या थोर गुरूंकडे गेले. रव रब्बाला म्हणाले, “अंगरखे परत दे.” त्याने विचारलं, “कायदा असाच आहे का?” रव म्हणाले, “हो,” आणि नीतिसूत्रांतलं वचन सांगितलं: सज्जनांच्या वाटेने चाल. अंगरखे मिळाल्यावर हमाल म्हणाले, “आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, भूक लागलीय, हाती काही नाही.” रव म्हणाले, “जा, त्यांची मजुरी दे.” त्याने पुन्हा विचारलं, “कायदा असाच आहे?” रवनी त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग सांगितला: नीतिमानांचे मार्ग धर. नुकसान रब्बाचंच झालं होतं. पण त्याच्याकडे दुसरं पिंप आणायची ऐपत होती आणि हमालांकडे रात्रीचं जेवणही नव्हतं.

याच पराशात मजुरीचा नियम आहे: त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत मजुरी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला आहे. रब्बी (ज्यू धर्मगुरू) विचारतात, हा माणूस शिडीवर चढला, झाडाला लटकला, मरणाचा धोका पत्करला तो कशासाठी? मजुरीसाठीच ना? आणि हा नियम फक्त आपल्या माणसांसाठी नाही, तुझ्या गावात राहणाऱ्या परक्यासाठीही आहे, हे वचनातच लिहिलंय. माझ्या वडिलांचा छोटासा सुतारकामाचा कारखाना होता. कारागिरांत ज्यू कोणीच नव्हतं. शुक्रवारी दुपारी ते रंधा बाजूला ठेवून आधी सगळ्यांची मजुरी मोजून हातात देत आणि मगच शब्बाथच्या आंघोळीला घरी येत. गिऱ्हाइकाकडून पैसे आले नसतील त्या शुक्रवारी आईच्या डब्यातून काढून देत, पण सोमवारवर ढकलत नसत. इस्रायलमध्ये 1958 सालच्या वेतनसंरक्षण कायद्यात पगार उशिरा देणाऱ्या मालकाला भरपाई द्यावी लागते. त्या कायद्यामागे हाच विचार मला दिसतो.

बाकीचे नियमही याच वळणाचे. नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर कोणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर. घर माझं, गच्ची माझी, पण पडणाऱ्याची जबाबदारीही माझीच. रब्बी नाथान यांनी यातच चावऱ्या कुत्र्याला आणि डुगडुगत्या शिडीला बसवलं. कापणीत शेतात एखादी पेंढी विसरली तर मागे फिरून घेऊ नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नकोस. पेंढीच्या नियमाशेजारीच कारणही दिलंय: तू मिसर देशात गुलाम होतास, हे आठव.

या भागात कठोर गोष्टीही आहेत, आणि त्या लपवून उत्तर देणं मला पटत नाही. आईबापांचं न ऐकणाऱ्या बंडखोर मुलाला दगडमार करा, असं यात आहे. तालमूदने त्यावर अशा अटी घातल्या की शिक्षा होणंच अशक्य व्हावं. आईचा आणि बापाचा आवाज, रूप, उंची सारखी हवी, इथपर्यंत. आणि मग म्हटलं की असा मुलगा कधी झाला नाही, पुढे होणारही नाही. एक रब्बी मात्र ‘मी त्याच्या कबरीवर बसलो होतो’ असं म्हणतात, त्यांचंही मत तालमूदने जपून ठेवलंय. वाचणं म्हणजे वचनाशी असं झगडणं, हे मी आमच्या वडीलधाऱ्यांकडून शिकलो.

पण एका ठिकाणी आम्ही अजून पुरेसे झगडलेलो नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घटस्फोटाचं पत्र नवऱ्याने द्यायचं, हा नियम याच पराशातून आला. जर्मनीतल्या माइन्झच्या रब्बेनू गेर्शोम यांनी सुमारे 1000 साली बायकोच्या मनाविरुद्ध घटस्फोट द्यायला बंदी घातली, ते मोठंच पाऊल होतं. तरीही जो नवरा पत्रच देत नाही, त्याची बायको वर्षानुवर्षं अडकून पडते, दुसरं लग्न करू शकत नाही. इस्रायलमध्ये 1995 च्या कायद्यानंतर धार्मिक न्यायालयं अशा नवऱ्याचा वाहन परवाना, बँक खातं रोखू शकतात, तुरुंगातही टाकू शकतात, आणि तरी अशा बायका आहेत. सावकाराला उंबरठ्यावर थांबवणारी तोरा आम्ही दरवर्षी मोठ्याने वाचतो. मग त्याच पराशातला हक्क वापरून बायकोला कोंडणाऱ्या नवऱ्याला समाजाने सिनेगॉगमध्ये मान देऊ नये, त्याला तोरापाशी वर बोलावू नये, असं मी आमच्या बैठकीत मांडलंय आणि पुढेही मांडत राहीन.

तुम्हाला स्वतः वाचायचं असेल तर मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक काढा. 21व्या अध्यायातल्या 10व्या वचनापासून 25व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत हा भाग आहे. एकदम सगळा वाचू नका. आधी 24व्या अध्यायातली 10 ते 15 ही वचनं वाचा, गहाण आणि मजुरी तिथेच आहेत.