कळी, डोळा आणि मुकुल

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘मुकुल’ असा शब्द आहे, माझे वडील उसाच्या कांडीवरच्या त्याच गोष्टीला ‘डोळा’ म्हणतात आणि मला ‘कळी’ एवढाच शब्द ठाऊक होता. हे तिन्ही एकच का? शिवाय ‘कळीचा नारद’ आणि ‘कळीचा मुद्दा’ यांतली कळी फुलाचीच का?

उत्तर : शास्त्राच्या भाषेत मुकुल म्हणजे अजून न वाढलेला, आखडून बसलेला कोवळा शेंडा; त्यातून फांदी, पाने किंवा फूल यांपैकी काहीही निघू शकते. बोलीतली मराठी मात्र आत काय दडले आहे ते पाहून नाव देते. फूल असेल तर कळी, फुटवा असेल तर डोळा आणि तो फुटून बाहेर डोकावला की कोंब. म्हणून आपण मोगऱ्याच्या कळ्या वेचतो, पण उसाची लागण दोन किंवा तीन डोळ्यांच्या टिपरीने करतो, आणि गुलाबाच्या खुंटाची साल इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चिरून तिच्यात दुसऱ्या जातीचा डोळा, त्याला चिकटलेल्या सालीच्या चिमुकल्या होडीसह, अलगद सरकवून बांधतो, त्यालाही ‘डोळा भरणे’ असेच म्हणतो. माझ्या मते ‘डोळा’ हा शब्द पाठ्यपुस्तकात ‘मुकुल’च्या शेजारी यायलाच हवा, कारण शेतकऱ्याच्या मुलाला तो आधीच येत असतो.

मुकुल उलगडून पाहायचे असेल तर कोबीचा गड्डा उभा चिरावा. मध्ये आखूड, जाड दांडा, त्याभोवती एकमेकांना लपेटलेली पाने आणि पानांच्या बेचक्यांत आणखी बारीक डोळे दिसतात. अख्खा गड्डा हे शेंड्याचे एक भले मोठे मुकुलच आहे. लवंग ही मात्र खरी कळी, उमलण्याआधी खुडून वाळवलेली. तिच्या माथ्यावरची गोल गाठ म्हणजे मिटलेल्या चार पाकळ्या. शेंड्याच्या मुकुलातून खाली उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना रोखून धरते, आणि म्हणूनच हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फांद्यांनी भरते.

आता वाक्प्रचारांकडे वळू. ‘कळी खुलणे’ यातली कळी फुलाचीच, संस्कृत ‘कलिका’पासून आलेली. कळीच्या नारदाचा मात्र फुलाशी संबंध नाही. तिथे ‘कलि’ म्हणजे भांडण आहे. ‘कळीचा मुद्दा’ यात यंत्राची कळ आहे: भिंत या शब्दाचे जसे ‘भिंतीचा’ होते तसे कळ या शब्दाचे ‘कळीचा’ होते, आणि जो मुद्दा दाबला की सगळे प्रकरण हलते तो कळीचा. कळीचा चुना म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे, अजून पाणी न पडलेले खडे. पाणी शिंपडताच ते तापतात, तडकतात आणि फुलून येतात, त्यामुळे ही कळी मला नारदापेक्षा मोगऱ्याच्या जवळची वाटते.