भरती, फ्लेमिंगो आणि मुंज : कॅमेऱ्याचे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये आलेल्या पत्रांत समुद्र, पक्षी आणि घरचं कार्य हे तीनच विषय पुन्हा पुन्हा आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पौर्णिमेला उधाण असतं म्हणून सूर्यास्ताच्या वेळी मरीन ड्राइव्हला मोठ्या लाटा टिपायला गेलो. पाणी पार आत गेलेलं होतं. चुकलं काय? (गिरगाव)

उधाण होतंच, पण ते दुपारी येऊन गेलं. मुंबईच्या किनाऱ्याचा जुना हिशोब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला भरती १२ च्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे ओहोटी सव्वासहा तासांनी, म्हणजे बरोबर तुम्ही ट्रायपॉड उघडलात तेव्हा. या हिशोबात अर्ध्या-एक तासाची चूक धरून चाला. दिवस ठरवायला तो पुरतो, जायच्या दिवशी मात्र भरतीचं छापील वेळापत्रक बघा.

यातून एक गोष्ट निघते, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईत उधाणाची भरती आणि सूर्यास्त एकत्र कधीच येत नाहीत. सूर्यास्ताला काठोकाठ पाणी हवं असेल तर अष्टमी-नवमी धरा. ते भांगाचं पाणी (उधाणाच्या उलट, लहान भरतीचं), त्यामुळे उंची कमी, पण टेट्रापॉडपर्यंत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांपर्यंत येतं. लाटा उसळायला मात्र नुसती भरती पुरत नाही, मागून वारा लागतो. तो जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येतो. मेमधल्या शांत समुद्राकडून पावसाळी फोटोची अपेक्षा ठेवू नका.

पौर्णिमेची संध्याकाळ फुकट गेली असंही नाही. उधाणाच्या ओहोटीला वांद्र्याच्या बँडस्टँडचे आणि हाजी अलीचे खडक दूरवर उघडे पडतात आणि डबक्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, समुद्री गोगलगायी दिसतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी याच वेळा साधून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर एकदा जाच. पाण्यावरची चकाकी घालवायला पोलरायझर लावा आणि डबक्याकडे तिरकं बघा, सरळ वरून पोलरायझरचा काही उपयोग होत नाही. दगड उलटे करू नका. शेवाळावर चपला चालत नाहीत, पकड असलेले बूट घाला. पाणी वळल्यावर पहिला तास ते सावकाश चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात भराभर. मागे फिरायची वाट कोरडी आहे का, हे पहिल्या तासातच बघून ठेवा.

जागेबद्दल : मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २० अंश उत्तरेला मावळतो. गिरगाव चौपाटीवरून तो मलबार हिलच्या इमारतींमागे लवकर जातो. नरिमन पॉइंटच्या टोकावरून टेकडीच्या डावीकडे, उघड्या समुद्रात दिसतो.

प्रश्न : सूर्यास्त डोळ्यांना केशरी दिसतो, फोटोत पांढरट. लाटांचा धूर करायला कोणता एनडी फिल्टर घ्यावा? (माहीम)

पांढरटपणाला बहुतेक वेळा ऑटो व्हाइट बॅलन्स जबाबदार असतो. केशरी रंग त्याला दोष वाटतो आणि तो धुऊन काढतो. ‘डेलाइट’वर ठेवा, एक्स्पोजर उणे २/३ ते उणे १ करा. मेच्या दमट, धुळकट हवेत सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच फिका होऊन विरतो. तिथे कॅमेरा आवरू नका, मावळल्यानंतरच्या वीस मिनिटांत रंग परत येण्याची शक्यता चांगली असते.

एनडी म्हणजे प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर. एकच घ्यायचा तर ६ स्टॉपचा. तो प्रकाश ६४ पट कमी करतो : १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर साधारण ४ सेकंदांवर जातं. १० स्टॉपचा हजारपट कमी करतो, तेच एक्स्पोजर मिनिटभराच्या पुढे जातं आणि समुद्राची सपाट चादर होते. आमचं मत विचाराल तर त्या चादरीचा आता कंटाळा आला आहे. परतणारी लाट वाळूवर रेघा ओढते, ती १/४ ते १ सेकंदात सापडते आणि संधिप्रकाशात त्याला फिल्टरही लागत नाही. शटर दाबायची वेळ लाट परतायला लागल्यावरची, येताना नव्हे.

क्रम असा : फिल्टर नसताना फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. डीएसएलआर असेल तर मागचं आयपीस झाका, लांब एक्स्पोजरमध्ये तिथून प्रकाश शिरून फोटोवर पट्टा येतो. एफ/११च्या पुढे जायचं टाळा, एफ/२२वर धार बोथट होते. आणि इतकं करूनही फोटो हललेला असेल तर पायांखाली बघा. प्रत्येक लाट ट्रायपॉडखालची वाळू उपसून नेते. पाय जोर देऊन आत रोवा, मधला दांडा वर काढू नका.

प्रश्न : ६०० मिमीपर्यंतची झूम घेतली. शिवडीला सकाळी साडेदहाला फ्लेमिंगो काढले, एकही फोटो धारदार नाही. लेन्स सदोष आहे का? (परळ)

लेन्सची परीक्षा आधी घरी घ्या : वीस फुटांवर वर्तमानपत्र लावा, ट्रायपॉडवरून काढा. अक्षरं स्वच्छ आली तर लेन्स ठीक आहे. दोष बहुधा हवेचा. तापलेल्या चिखलावरून गरम हवा वर चढते, दोनशे मीटर अशा हवेतून बघितलं की पिसं विरघळल्यासारखी दिसतात. यावर शटर, आयएसओ, महाग लेन्स, काहीच उपाय नाही. अंतर कमी करणं किंवा ऊन कोवळं असताना जाणं, एवढंच हातात आहे.

वेळही उलटी पडली. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी सूर्य तुमच्या समोर आणि पक्षी काळे. तिथे संध्याकाळी जा, ऊन पाठीमागून येतं. सकाळच जमत असेल तर ऐरोली गाठा. ती ठाणे खाडीच्या पूर्व काठावर आहे, सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाच्या बोटी सुटतात, त्या भरतीच्या वेळेनुसार. आधी नोंदणी करा.

आता पाणी. ओहोटीला चिखल दूरपर्यंत उघडा पडतो आणि थवेही तितकेच दूर पांगतात. पाणी चढतं तसे ते काठाकडे सरकतात, पूर्ण भरतीला चिखल बुडाला की नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळींसारख्या जागी विसाव्याला उडून जातात. म्हणून कामाचे ते पूर्ण भरतीआधीचे दीड-दोन तास. वरचा पाऊणपटीचा हिशोब लावा : शिवडीच्या संध्याकाळसाठी अष्टमी-नवमी, ऐरोलीच्या सकाळसाठी दशमीच्या आसपास. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेही धरा.

उडत्या पक्ष्याला १/२०००, चरणाऱ्याला १/८००, एफ/८, आयएसओ ऑटो. काळ्या चिखलावर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा फसतो आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी होतात, उणे २/३ करा. तोच पक्षी आकाशात गेला की उलट, अधिक १. बोटीवर ट्रायपॉड आणू नका, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात चढते. फ्लेमिंगो उडण्याआधी काही पावलं धावतो, आणि धावतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. संध्याकाळी वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे शिवडीला तो बहुधा तुमच्याच बाजूला तोंड करून निघेल. मात्र सगळ्या थव्याने माना वर करून एकाच दिशेला चालायला सुरुवात केली, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. मागे या.

अटल सेतू फ्रेममध्ये येतो अशी तक्रारही तुमच्या पत्रात आहे. येऊ द्या. २०२४ पासून शिवडीचं चित्र तेच आहे.

प्रश्न : पक्ष्यांचे फोटो ड्रोनने काढले तर? (ठाणे)

नको. अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, थवे बिथरतात, आणि विमानतळ व नौदलामुळे मुंबईचा मोठा भाग ड्रोनला बंद आहे.

प्रश्न : पुतण्याची मुंज आहे, मेमध्ये, एसी हॉलमध्ये. फोटो मीच काढणार. गेल्या वेळी फोटोंवर आडवे काळे पट्टे आले होते. (डोंबिवली)

पट्टे हॉलच्या एलईडींचे. आपली वीज ५० हर्ट्झची, हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, मेकॅनिकल लावा, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. स्टेजवरच्या रंगीत दिव्यांची लुकलुक वेगळी असते, तिला हा हिशोब लागू नाही. धार्मिक विधी चालू असेपर्यंत जांभळा-निळा प्रकाश बंद ठेवायला डेकोरेटरला आदल्या दिवशीच सांगा. निळ्या उजेडात गेलेला चेहऱ्याचा रंग नंतर संगणकावर परत येत नाही.

मातृभोजनाला गर्दी पाठीमागे जमते, म्हणून आधीच समोर बसा. बटू आणि आई दोघांचे डोळे एका रेषेत यायला कॅमेरा पाटाच्या उंचीवर हवा. एफ/४, आयएसओ ३२००पर्यंत बिनधास्त जा, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. होमाच्या वेळी फ्लॅश बंदच. धुराचे कण उजळतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. खिडकी किंवा दार बाजूला येईल असे बसा, मग तोच धूर चित्रात छान दिसतो. एरवी फ्लॅश पांढऱ्या छतावर मारता येतो, पण छत दहा-बारा फुटांवर असेल तरच.

मंगलाष्टकांना अक्षता उडायला लागल्या की ऑटोफोकस दाण्यांमागे धावतो. बटूच्या चेहऱ्यावर फोकस करून तो लॉक करा आणि अंतरपाट खाली येताना सलग फोटो घ्या. १/१००ला अक्षतांच्या रेघा दिसतील, त्या छानच. भिक्षावळीला झोळी, हात आणि चेहरा एकत्र येईल असं बाजूने उभं राहा.

ग्रुप फोटो दुपारी अंगणात नको. १५ मेच्या आसपास मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळी भोकं येतात. व्हरांड्याच्या किंवा मांडवाच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून उभे करा. आजी-आजोबा आणि बसणारी मंडळी पहिल्या ग्रुपमध्ये, म्हणजे त्यांना ताटकळावं लागत नाही. तीन रांगा असतील तर एफ/८, फोकस पहिल्या रांगेवर नाही, मधल्या रांगेच्या चेहऱ्यावर. २४ मिमीने कडेच्या काकू रुंद होतात आणि ते त्या विसरत नाहीत. ३५ ते ५० मिमी वापरा, मागे सरका.

प्रश्न : एसी हॉलमधून बाहेर आलो की लेन्सवर वाफ धरते. बुरशी लागेल का? (विलेपार्ले)

एका वाफेने नाही, ओला कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवलात तर लागेल. बाहेर पडण्याआधी कॅमेरा बॅगेत टाका, चेन लावा, अर्ध्या तासाने उघडा. वाफ धरल्यावर लेन्स बदलायची नाही, पुसायचीही घाई नको. किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग पुसा, लगेच कोरडं करा. आधी कापड फिरवलंत तर वाळूच काचेवर घासली जाते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून नळाखाली धुवा. पावसाळ्यात ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, रंग बदलला की बदलायचं. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

प्रश्न : मुंजीचे फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवले. एकाने १२ × १८ इंच छापून घेतला, फुटला. (कांदिवली)

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं. ३०० डीपीआयला १२ × १८ साठी ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, ४ × ६ ला १२०० × १८०० पुरतात. छापायची फाइल गॅलरीतून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.